वाळू लागली की थांबायचं

शांतवनदादा गेल्याचं कार्ड कोपरगावला माझ्या हाती पडलं, तेव्हा पहिला विचार आला तो असा: आता त्या रानाचं काय होणार? माणूस गेला आणि मला जमिनीची पडली होती. लाज वाटली, पण खोटं कशाला लिहू?

तीन वर्षांपूर्वी त्यांचा लोखंडी नांगर रानात दगडाला अडला आणि शेजारून घोड्यावर बसताना पाय अडकवायची गंजलेली रिकीब निघाली. ती फडक्यात बांधून ते आमच्या शाळेत आले. मी चित्रकलेचा मास्तर. मला जुन्या वस्तूंचा नाद, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी पुरातत्त्व खात्याला कळवलं. हिवाळ्यात उत्खननाची मंडळी आली. निळ्या झिलईची खापरं निघाली, घरांच्या, तबेल्याच्या भिंती उघड्या पडल्या. बहमनी काळात चाकरीला आलेल्या तुर्की घोडेस्वारांची वस्ती असावी, असं त्यांचे साहेब म्हणाले. नकाशे मी काढले. तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते... आणि मग साहेबांनी सगळं बुजवायला सांगितलं. राखणीला माणूस नाही, उघडं ठेवलं तर लोक दगड नेतील, मातीखालीच ते सुखरूप राहील. मी रागानं नकाशे गुंडाळून ठेवले. दादा मात्र भिंतींवर गोदावरीची वाळू हातानं पसरत होते. वाळू कशाला, असं त्यांनी विचारलं. पुढे खणणाऱ्याला खाली जुनं आहे हे कळावं म्हणून, मी तुटकपणे सांगितलं.

"म्हंजे वाळू लागली की थांबायचं," ते म्हणाले.

वाळूवर जेमतेम वीतभर माती. नांगर घातला की सगळं संपलं. म्हणजे यापुढे वरवर चालणारा कुळव आणि मटकी-हुलगा. शेजारी पाटाच्या पाण्यावर ऊस डोलत असताना हा माणूस किती दिवस कळ काढणार? रानात नांगर घालायचा नाही, असं मी त्यांना खरमरीत पत्र लिहिलं, त्यात कायदाही घातला. बाजारच्या दिवशी ते शाळेत आले, पाणी प्यायले आणि पत्र परत माझ्या हातात ठेवलं.

"मास्तर, माज्या रानातल्या मानसांची काळजी एकट्या तुमालाच हाय व्हय?"

मी पत्र घडी करून खिशात घातलं. बहात्तरच्या दुष्काळात तर ते खडी फोडायच्या कामावर होते. तलावाच्या बांधाला दगड कमी पडला, तेव्हा मुकादम त्यांच्या रानातल्या भिंती मागायला आला. दादांनी नाही म्हटलं. तेवढा दगड मी डोंगरातून फोडून देतो म्हणाले, आणि दिला. हाताची सालटं निघाली होती... मला हे नंतर, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

परवा त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. बांधावरून पाहिलं तर रान नुकतंच उकरलेलं. मी धोतर सावरत खाली बसलो आणि वेड्यासारखी माती चाचपू लागलो. तेवढ्यात त्यांचा मुलगा शिमोन शेजाऱ्याचे बैल घेऊन फेरी संपवत आला. मागे कुळवच होता. त्यानं तो उचलला, पात्याची माती अंगठ्यानं खरवडली आणि तळहातावर चोळून पाहिली. दादाही दर फेरीला असंच करायचे.

"वाळू बघतोस?" मी विचारलं.

"व्हय. दादांनी लहानपणी बैल हाकायला शिकवलं, आन् जाता जाता हे."

त्यानं हात माझ्यापुढे धरला. काळी माती होती, नुसती काळी. मी सुटलो... आणि दादा गेल्यावर पहिल्यांदा मला रडू आलं.