यांच्या रंध्याची मूठ

लातूरचा वेगळा जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि आमच्या नळाला शेवटचं पाणी येऊनही कैक दिवस झाले होते. नव्या कचेऱ्यांना टेबलं हवी होती, बाकं हवी होती, कपाटं हवी होती. यांच्या सुतारकामाच्या दुकानाला इतकं काम कधीच नव्हतं आणि नेमके त्याच हिवाळ्यात हे शिडीवरून पडले. प्लास्टर काढलं तरी उजवं कोपर अर्ध्यावरच अडकून राहिलं. रंधा मारायला हात पुढे सरळ व्हावा लागतो. उन्हाळ्यात सुटेल, असं हे म्हणाले आणि मीही मान डोलावली. तोवर काम थांबू नये म्हणून रंधा मी हातात घेतला. तात्पुरता, असं दोघांनी एकमेकांना बजावलं.

सकाळी टँकरच्या रांगेत उभं राहायचं, मग स्वयंपाक, मग रंधा. त्या दिवसांत मी सतत दमलेली असे. आज लिहितानाही खांदे भरून येतात. हे पोत्यावर बसून नुसत्या आवाजावरून माझ्या चुका काढत. लाकूड रेणापूरकडच्या बांधावरच्या बाभळीचं, पावसाविना वाळलेलं आणि वाकडं. त्याचा धागा मध्येच उलटा फिरे आणि ढलपी उचकटून निघे. फळी फिरव, असं हे बसल्या जागेवरून सांगत. एकदा उठून तुम्हीच फिरवा की, असं माझ्या ओठावर येई, पण बोलायची सोय नव्हती.

काम लवकर उरकावं म्हणून मी पातं जास्तच बाहेर काढायची. मग रंधा रुतून बसे आणि मी त्याच्यावर जाऊन आदळे. यांनी शिकवलं, की रंधा उलटा करून डोळ्यासमोर धरायचा आणि पातं केसाइतकंच दिसू द्यायचं. साल कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ निघाली पाहिजे.

पण यांचा लांब लाकडी रंधा मला झेपेना. त्याची मूठ यांनी स्वतःच्या हातासाठी घडवलेली. माझी बोटं तिच्याभोवती पुरत नसत. म्हणून मी बाजारातून छोटा लोखंडी रंधा आणायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, मिस्त्रींनाच पाठवा. मी त्याच्यादेखत चार रंधे उलटे करून प्रत्येकाच्या तळाला पट्टी लावून पाहिली. तीन रंध्यांचे तळ मध्ये पोकळ होते, चौथा घेतला. इतकी ऐट मी माझ्या लग्नातही केली नव्हती. यांनी तळावरून बोट फिरवून चांगला आहे म्हटलं. पण टेबल घासून झाल्यावर वर पट्टी ठेवली, तर खालून उजेड दिसायला लागला. छोटा रंधा खड्ड्यात उतरतो आणि उंचवट्यावर चढतो. लांब रंधा उंचवटेच कापत पुढे जातो. एवढं कळायला माझं अख्खं टेबल गेलं.

मग पुन्हा यांचाच रंधा. तळहाताला फोड यायचे, फुटायचे; मी हळद लावून पुन्हा रंधा धरायची. उन्हाळा आला आणि सरतही आला. कोपर होतं तिथंच होतं. त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

एका दुपारी मी घागर घेऊन परतले, तर हे तो रंधा मांडीत दाबून डाव्या हातानं त्याची मूठ कानशीनं घासत होते. एका बाजूनं ती बरीच उतरली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घागर आपटणारच होते, पाणी सांडेल म्हणून हळू ठेवली.

"अहो, एवढी बारीक केली तर तुमच्या हातात कशी बसंल?"

"मला आता लागत न्हाई," हे म्हणाले. "हात दे इकडं."

मी हात दिला नाही. आत जाऊन पोटभर रडले. हे पडले त्या दिवशीही एवढी रडले नव्हते. बाहेर कानशीचा आवाज थांबत थांबत चालूच होता. शेवटी तोंड पुसून बाहेर आले, यांच्यासमोर बसले आणि उजवा हात पुढे केला. यांनी माझी बोटं एकेक करून मुठीभोवती मिटवली, नीट निरखून पाहिली आणि म्हणाले, "अंगठ्यापाशी अजून थोडं काढावं लागंल."