पऱ्हाटीचं कार्ड

धुळ्याच्या आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या विषयांची कार्डं वाचकच लिहीत. एकाच पिकाला कुणी ‘कापूस’ लिही, कुणी ‘कपाशी’, कुणी ‘पऱ्हाटी’. तिथले कारकून त्यातलं एकच कार्ड ठेवत आणि बाकीच्यांचे चार सारखे तुकडे करत. “एका वस्तूला एकच नाव बरं,” असं ते मला सांगत.

एकदा खेड्यावरून आलेल्या एका अक्कांनी ‘प’चा खण दोनदा चाळला. “पऱ्हाटीनं पुस्तक नही शे,” असं पुटपुटत त्या निघाल्या. कारकून अनवाणीच फाटकापर्यंत धावले. “अक्का, पुस्तक आहे. चूक माझी झाली.”

पुस्तक दिल्यावर त्यांनी नवं कार्ड लिहिलं: ‘पऱ्हाटी – कापूस पाहा.’ मग फाडलेली बाकीची नावं आठवत ते संध्याकाळपर्यंत बसून राहिले. बरीचशी त्यांना आठवली नाहीत.