इंतिझोर-अपांचा पहारा

खीवा शहरातल्या मुलींच्या निवासी शाळेत भूमिती शिकवणाऱ्या इंतिझोर-अपा, म्हणजे इंतिझोरताई, जन्माच्या भित्र्या. कुत्र्याला भ्यायच्या, विजेच्या बटणाला भ्यायच्या, आणि मुख्याध्यापक मतनझर-आकांना तर इतक्या, की ते व्हरांड्याच्या एका टोकाला दिसले की अपा दुसऱ्या टोकाचा जिना धरायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. या शाळेतच वीस वर्षं निघाली होती.

शाळा कडक. मोठ्यानं हसायचं नाही, वेणी सैल सोडायची नाही, आणि नाचाचं तर नावच काढायचं नाही. "आई-बाप तुम्हाला इथं डॉक्टर व्हायला धाडतात, लग्नात कंबर हलवायला नाही," असं मतनझर-आका दर सोमवारी रांगेपुढं बजावायचे.

थंडीतल्या एका दुपारी अपा वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत राहिलेला कंपास आणायला गेल्या. आत नववीतली बेकपोश्शा होती. डोळे मिटलेले, हात वर, आणि एकेक बोट हिव भरल्यासारखं थरथरत होतं. ती थरथर मनगटात उतरली, मनगटातून खांद्यात. लाझगी! खोरेझम प्रांतातल्या लग्नात म्हाताऱ्याकोताऱ्याही नाचतात तोच नाच. पण अपांनी तो असा कधी पाहिला नव्हता.

पोरीनं डोळे उघडले आणि ती पांढरीफटक पडली.

"अपा, सांगू नका ना! बाबा घरी घेऊन जातील. कायमचं."

अपांनी मागं पाहिलं. व्हरांडा रिकामा होता.

"अगं वेडे, दार तरी लावून घ्यायचं!" त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्या अडकल्या त्या अडकल्याच.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी बेकपोश्शा आत नाचायची आणि अपा बाहेर वह्या तपासण्याचं सोंग करत उभ्या राहायच्या. जिन्यावर पाऊल वाजलं की त्या दारावर टकटक करायच्या. दर वेळी ठरवायच्या, आज शेवटचं.

खेळाचे शिक्षक रोझमत-आका यांना कुठून तरी वास लागला. त्यांनी एक दिवस मनगटात बांधायचे घुंगरू अपांच्या हातात ठेवले.

"आमच्या आईचे. पेटीत गंजून चाललेत."

"अहो, आवाज होईल!"

"मग कापूस कोंबा. आपल्या मुलखात कापसाला काय तोटा?" रोझमत-आका हसले. अपांना हसू आलं नाही. आता हे गुपित तिघांचं झालं होतं, म्हणजे फुटायला एक तोंड आणखी वाढलं होतं.

मार्चमध्ये मतनझर-आकांचं बोलावणं आलं. अपा जिना उतरून त्यांच्या ऑफिसात गेल्या. टेबलावरच्या कागदांवर चुन्याची भुकटी पडलेली होती.

"इंतिझोर, दर गुरुवारी माझ्या डोक्यावर कोण नाचतं?"

पोरीचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. ते घेतलं की सुटका होती.

"मी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?" मतनझर-आकांनी चष्मा काढला. "बरं. दाखवा."

सेहेचाळीस वर्षांच्या, गुडघेदुखीनं बेजार झालेल्या अपांनी हात वर केले. बोटं थरथरायला वेगळं काही करावं लागलं नाही. थरथर खांद्यापर्यंत गेली, पाय मात्र जागचा हलेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी त्या थांबल्या नाहीत. थांबलं की पुढचा प्रश्न येणार होता.

"पुरे," मतनझर-आका तोंड फिरवून म्हणाले. "या पायांनी माझ्या छताचा चुना पडत नाही, बाई. तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. प्रयोगशाळेला उद्यापासून कुलूप." मग आवाज खाली आला. "व्यायामशाळेखाली कुणाचं ऑफिस नाही. पण माझ्या कानावर काही आलं, तर दोघींना घालवीन. ही थट्टा नाही."

ती थट्टा नव्हती, हे अपांना ठाऊक होतं. पुढची दोन वर्षं रोझमत-आकांनी व्यायामशाळेची किल्ली दिली आणि अपांनी दारात उभं राहून दर गुरुवारी जीव मुठीत धरला.

मग शेजारच्या उर्गेंच शहरातल्या नृत्यविद्यालयाची प्रवेशपरीक्षा आली. अपा बेकपोश्शाला घेऊन ट्रॉलीबसनं निघाल्या. प्रत्येक थांब्यावर चढणारी टोपी मतनझर-आकांची वाटायची. परीक्षेच्या दालनाबाहेर त्या तासभर बाकाची कड धरून बसल्या.

बेकपोश्शा धावत बाहेर आली. "अपा, घेतलं! मला घेतलं!"

अपांनी तिला छातीशी धरलं आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला.

"आणि तुझ्या बाबांना कोण सांगणार?"

"तुम्ही," पोरगी म्हणाली. "मला भीती वाटते."

"मला नाही का वाटत गं?"

पण अपाच गेल्या. बापानं दोनदा त्यांच्या तोंडावर दार लावलं. तिसऱ्या खेपेलाही त्या दारात उभ्या दिसल्या, तेव्हा त्यानं आत घेऊन चहा पाजला आणि प्रवेशाच्या कागदावर सही केली. लेकीशी मात्र तो वर्षभर बोलला नाही.