मागच्या स्प्रिंगा

काल बायकोच्या शिलाई मशीनमध्ये मी चुकून लेक मुक्ताच्या रिमोटवरच्या जुन्या रेसिंग गाडीच्या शॉक-अब्सॉर्बरचं तेल घातलं. मशीन जाम झालं, मला मात्र तिच्या शर्यतींचं तारनाक्याचं मैदान आठवलं. तेव्हा अंतिम शर्यत तोंडावर आलेली आणि मुक्ताची गाडी प्रत्येक वळणावर गिरकी घेत होती.

"मागच्या स्प्रिंगा कडक कर," मी रेल्वेतल्या इंजिनियरच्या थाटात फर्मावलं.

"नक्को बाबा, मागची चाकं जमीन सोडतायत," म्हणत तिनं उलट मऊ स्प्रिंगा बसवल्या आणि स्टिअरिंगही जरा कमी वळेलसं केलं.

शर्यतीत गाडी जमिनीला चिकटून वळली आणि पहिली आली. मी अनोळखी माणसांनाही सांगत सुटलो, "माझी पोरगी!"

बायको म्हणाली, "तुमची? तुमचं ऐकलं नाही तिनं, म्हणजे माझीच!"