श्यामरावांचा पाचवा रविवार

गुढियारीच्या बाजारातल्या एका धान्य-व्यापाऱ्याकडे दिवाकरराव चौतीस वर्षं हिशेब लिहीत होते. त्यांच्या हातून चूक होत नाही, असं त्यांच्या बुढापारा मोहल्ल्यात सगळे म्हणत. बोटीच्या बाबतीतही चूक झालीच नव्हती, आणि तेच त्यांना खात होतं.

दिवाकरराव धरून पाच मित्रांना पाण्यावर फिरायची भारी हौस. धमतरीकडच्या जलाशयावर भाड्याची बोट घेतली की एका फेरीला दीड हजार जायचे. तोड दिवाकररावांनीच काढली. एक जुनी मोटारबोट नव्वद हजारांत मिळत होती. प्रत्येकी अठरा हजार घालायचे आणि महिन्याचे रविवार वाटून घ्यायचे. पहिला नानांचा, दुसरा स्वतःचा, असं करत पाचवा श्यामरावांचा.

पाचवा रविवार दर महिन्याला येत नाही, हे यादी लिहितानाच त्यांच्या लक्षात आलं होतं. पण पाळी फिरती ठेवावी तर नाना कुरकुरले असते, आणि पाचवा भागीदार गळाला असता तर वाटा साडेबावीस हजारांवर गेला असता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेल्या श्यामरावांनी यादी वाचलीसुद्धा नाही. "तुम्ही लिहिलं ना दिवाकरभाऊ? हव, मग झालं," म्हणत त्यांनी सही ठोकली.

याला तीन वर्षं झाली. पावसाळ्याचे तीन महिने बोट काठावर ताडपत्रीखाली असायची. तेवढे सोडून इतरांना प्रत्येकी सत्तावीस रविवार मिळाले, श्यामरावांना दहा. हा आकडा दिवाकररावांना कुणी विचारला नव्हता, तरी तो डोक्यातून जात नव्हता. आपल्या पाळीला नात बोटीतून पाण्यात हात घालून खिदळायला लागली की त्यांना उगीचच खाली बघावंसं वाटे.

या जानेवारीत श्यामरावांचा फोन आला. "आम्ही नागपूरले पोराकडे, नीलेशकडे चाललो, कायमचे. माझा वाटा मोडून टाका. अर्धेच द्या, तीन वर्षं वापरलीच ना बोट!"

दुसऱ्या दिवशी दिवाकरराव अठरा हजारांचं पाकीट घेऊन ब्राह्मणपाऱ्यात श्यामरावांच्या घरी पोचले. घरभर खोकी पडली होती.

"पूर्ण काहून आणले?" श्यामराव हसले. "हिशेब चुकून राहिला तुमचा. आता रिटायर व्हाच!"

"हिशेब नाही चुकला, श्यामराव. यादीत खोट आहे. मले पहिल्याच दिवशी माहीत होतं."

त्यांनी काही न लपवता सांगितलं. श्यामरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि एकेक पान उलटत गेले. जानेवारी नाही, फेब्रुवारी नाही. मार्चच्या पाचव्या रविवारावर त्यांचं बोट थांबलं.

"मले वाटे, सगळ्यांचंच असं आहे," ते हळूच म्हणाले. "रविवार आला का ही विचारे, आज जायचं काय? मी म्हणो, पाळी नाही. मागच्या साली म्हणे, बाकीच्या बायकांचे बोटीतले फोटो महिन्याच्या महिन्याला येतात, तुम्हालेच माझ्यासंग जायची लाज वाटते. तेव्हापासून विचारतच नाही."

दिवाकररावांनी पाकीट पुढे सरकवलं.

"पैशाचं राहू द्या. माझं ती खरं मानणार नाही. तुम्ही सांगा." आणि श्यामरावांनी आत हाक मारली, "अवो, इकडे या जरा!"

पदराला हात पुसत विनोदिनीबाई बाहेर आल्या. "चहा ठेवला आहे भाऊजी, बसा ना."

दिवाकररावांना बसवेना. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. ऐकून विनोदिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मग पाळी येतच नाही, असं काहून नाही सांगितलं मले?"

"त्यांना ठाऊकच नव्हतं, वहिनी. माझ्यावर भरवसा होता, म्हणून त्यांनी कधी मोजलं नाही."

विनोदिनीबाई आत गेल्या. थोड्या वेळाने त्या चहा घेऊन आल्या. कप दोनच होते. एक त्यांनी श्यामरावांच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन त्यांच्या शेजारी, खोक्यावर बसल्या.