त्या गुरुवारी मी सोबत गेलो नाही

ताईंच्या शोकसभेत सगळ्यात आधी मला बोलायला उठवलं. आमच्या हिंदीभाषक शहरात, तात्यापारा या जुन्या वस्तीतल्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही पन्नासेक सहकारी जमलो होतो. आम्ही सरकारी शाळांतले समाजकार्यकर्ते. एखादं मूल अचानक शाळेत यायचं थांबतं, एखादं वर्गात गप्प होऊन बसतं, तेव्हा त्याच्या घरी जाऊन काय चाललंय ते पाहायचं, हे आमचं काम. एकेकाकडे पाच-सहा शाळा असतात, आणि नोकरी संविदेवर, म्हणजे दर वर्षी नवा करार. ताई आमच्यातल्याच एक होत्या आणि कित्येक वर्षं आमच्या संघटनेच्या प्रतिनिधी होत्या.

त्रिशरण झालं, मेणबत्त्या लागल्या. सूत्रसंचालन करणारे सहकारी म्हणाले, "दीदी के सबसे क़रीब जो रहे, पहले वही बोलें. दीदी का दाहिना हाथ."

मी उठलो. "मी ताईंना कमी पडलो," एवढं मराठीत म्हणालो आणि तेच पुन्हा हिंदीत. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "देखिए, कितने विनम्र हैं." मी खाली बसलो. माझं वाक्य खरं होतं. पण लोक ते नम्रता म्हणून घेतील, हे मला तोंड उघडण्याआधीच माहीत होतं.

काय कमी पडलो, ते सांगायला ताईंच्या एका नियमापासून सुरुवात करावी लागेल.

आमच्यापैकी कुणालाही स्पष्टीकरणासाठी कार्यालयात बोलावलं तर एकट्यानं आत जायचं नाही, हा तो नियम. दोघांनी जायचं. एकानं उत्तरं द्यायची, दुसऱ्यानं बाजूला बसून कोण काय म्हणालं ते वहीत लिहायचं. बाहेर आल्यावर ते मोठ्यानं वाचायचं, दोघांनी सह्या करायच्या आणि त्याच दिवशी त्याची एक प्रत कार्यालयात देऊन पोच घ्यायची. ताई म्हणायच्या, "बोलणाऱ्याले लिहिणं जमत नाही, भाऊ. घाबरलेल्या माणसाले तं आपण काय बोललो तेबी याद राहत नाही."

हा दुसरा माणूस बहुतेक वेळा ताईच असायच्या. शहराच्या दुसऱ्या टोकाहून स्कूटीवर यायच्या, हेल्मेट काढून मांडीवर ठेवायच्या आणि त्यावर वही टेकवून लिहायला लागायच्या. एकदा एका साहेबांनी चिडून विचारलं, "आप ये क्या लिख रही हैं?" ताई वर न बघता म्हणाल्या, "जो आप बोल रहे हैं, सर. ज़रा धीरे बोलिए, छूट जाता है." आणि साहेब खरंच हळू बोलायला लागले. ही गोष्ट आम्ही एकमेकांना किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. त्या दिवशी उत्तरं देणारा मी होतो. मी कामावर गैरहजर होतो अशी एका मुख्याध्यापकांची तक्रार होती. त्या वेळी मी एका मुलाच्या घरी होतो, पण साहेबांसमोर माझी जीभ अडखळत होती. त्या वहीतल्या दोन पानांमुळे माझी नोकरी वाचली.

चार वर्षांपूर्वी आम्हाला शाळा सोडून ब्लॉक कार्यालयात माहिती भरायला बसवायला लागले. दिवसभर संगणकासमोर, घरभेटी बंद. त्या काळात ताईंच्या एका शाळेतली सातवीतली मुलगी यायची थांबली. ताईंना तीन आठवडे तिच्या घरी जाताच आलं नाही. शेवटी गेल्या तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, पोरीचं लग्न लावून सगळे गावाकडे निघून गेले. ताईंनी वरच्या कार्यालयात तक्रार केली आणि तिच्यात हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. त्यावर त्यांनाच नोटीस आली. तक्रार दिशाभूल करणारी आहे, गुरुवारी अकरा वाजता हजर राहून खुलासा करावा.

मंगळवारी त्यांचा फोन आला. "भाऊ, या वेळेस माझीच पाळी आहे. तुमी याल ना लिहायले? तुमचं अक्षर चांगलं आहे."

"येतो ना ताई. काहून नाही येणार?"

बुधवारी कार्यालयाच्या व्हरांड्यात सुनावणी घेणारे साहेब भेटले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपका रिन्यूअल तो इसी महीने है न? कल भीड़ मत बढ़ाइएगा." आणि हसून निघून गेले. मी मागून "जी सर" म्हणालो. ती धमकी होती की नुसतं बोलणं, यावर मी नंतर फार विचार केला. ती धमकीच ठरावी अशी माझी इच्छा असायची, कारण मग मला भाग पाडलं गेलं असं म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर साहेबांना पुढे काही बोलावंच लागलं नाही.

गुरुवारी दहा वाजता घरून निघालो आणि गोल बाजारात गेलो. घरच्या कुकरची रिंग सैल झाली होती. भांड्यांच्या दुकानात शिरताना फोन बंद केला. दुकानदारानं विचारलं, "कितने लीटर का है, भैया?" मला माहीत नव्हतं. म्हटलं, सगळ्या दाखवा. त्यानं रिंगांचा ढीग समोर टाकला आणि मी एकेक ताणून पाहत बसलो. मग दुसऱ्या दुकानात गेलो. तिथेही तेच केलं आणि शेवटी अंदाजानं एक घेतली.

एक वाजता फोन सुरू केला. ताईंचे दोन निरोप होते. "भाऊ, मी गेटपाशी आहे." आणि त्याखाली, "आत बोलावून राहिले. जाते."

मी लगेच फोन लावला. "ताई, आईचं बीपी एकदम वाढलं. दवाखान्यात धावपळ झाली."

"अरे बापा! आता कशी आहे?"

"आता बरी आहे."

"तुमी आईजवळच थांबा. माझं होऊन गेलं."

इतकंच झालं असतं तरी पुरेसं लाजिरवाणं होतं. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला ताई पिशवीत मोसंबी घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या. आई ओट्यावर मेथी निवडत होती. मी आतून आवाज ऐकला आणि दारापर्यंत येऊन थांबलो.

"कशी आहे तब्येत, आई?"

"माझी? मले काय धाड भरली? सकाळी उठून अख्खा जिना झाडला मी."

ताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग आईशेजारी बसत म्हणाल्या, "असंच विचारलं. इकडून जाऊन राहिली होती, म्हटलं भेटून जावं."

"अन् मोसंबी कायले आणली? मोसंबी आजाऱ्याले नेतेत."

"ताजी दिसली, घेतली. चांगल्या माणसानं खाऊ नये का?"

आई हसली. मी चहा केला. ताई मेथी निवडू लागल्या. आईनं कुकरचं रडगाणं लावलं, शिट्टीच होत नाही म्हणून.  नवी रिंग माझ्या शर्टाच्या खिशात दुमडलेली तशीच होती.

त्या निघाल्या तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. "ताई, मी आज..."

"राहू द्या, भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आईनं ऐकलं तं तिले वाईट वाटन."

आठवडाभरानं कार्यालयाकडून सुनावणीचा कागद आला. त्यात लिहिलं होतं की ताईंनी आपली तक्रार ऐकीव माहितीवर आधारलेली असल्याचं तोंडी मान्य केलं आणि खेद व्यक्त केला. ताई आत म्हणाल्या होत्या की मी त्या मुलीच्या घरी वेळेवर जाऊ शकले नाही याचा मला खेद आहे. पण त्या तसं म्हणाल्या होत्या हे सांगणारं दुसरं कुणी खोलीत नव्हतं, आणि बोलता बोलता त्यांना लिहिता आलं नव्हतं. ताईंचा करार वाढवला नाही. माझा वाढवला.

त्या महिन्याच्या बैठकीत एकानं त्यांना विचारलंच, "दीदी, आप अकेली क्यों गईं? नियम तो आपका ही था."

"भैया की माताजी की तबीयत बिगड़ गई थी," ताई म्हणाल्या. "उस दिन किसी और को बुलाने का टाइम नहीं था."

सगळे माझ्याकडे वळले. कुणीतरी काळजीनं विचारलं, "अब कैसी हैं?" मी म्हणालो, "अब ठीक हैं." माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की ताईंनी पुन्हा विषय काढला नाही.

त्यानंतर मी ताईंची कामं करू लागलो. नोकरी गेल्यावर त्यांना सुनावणीत आत बसू देत नसत. त्या बाहेरच्या बाकावर बसून नव्या लोकांना शिकवायच्या, कसं लिहायचं, काय सोडायचं नाही. मी त्यांना गाडीवर आणायचो, सोडायचो, अर्ज लिहून द्यायचो. त्या आजारी पडल्यावर दवाखान्यातही मीच न्यायचो. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. दवाखान्याच्या रांगेत आम्ही दोन-दोन तास शेजारी बसायचो. माफी मागायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी त्यांना आजूबाजूच्या गप्पा सांगत राहिलो. त्याही ऐकत राहिल्या. एकदा त्यांनी विचारलं, "आई कशी आहे?" मी "चांगली आहे" म्हणालो, आणि पुन्हा आजूबाजूच्या गप्पा सांगू लागलो.

शोकसभेनंतरच्या बैठकीत संघटनेनं एकमतानं मला प्रतिनिधी केलं. मी नको म्हणालो, तेही नम्रतेच्याच खात्यात गेलं.

दोन दिवसांनी एका नव्या सहकारी मुलीचा फोन आला. नोकरीचं पहिलंच वर्ष, आणि हातात नोटीस. घर आमच्यासारखंच मराठी, पण ती बोलते हिंदीतच. "भैया, मंगलवार को मेरे साथ अंदर चलेंगे?"

मी तिला तिच्या शाळेतच जाऊन भेटलो. मुलं सुटली होती. वर्गातल्या बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं, व्हरांड्यातल्या साहेबांपासून फाटकापर्यंत. मराठीतच सांगितलं, हिंदीत मला ते जमलं नसतं. 

सगळं ऐकून ती म्हणाली, "और मंगलवार के पहले सर ने आपको फिर कुछ बोल दिया तो?"

येतोच, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ताईंनाही मी तेच म्हणालो होतो. "माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "फिर मैं किसी और को बोल देती हूँ, भैया. बुरा मत मानिएगा. मेरे घर में नौकरी बस मेरी है."

"वाईट कशाला वाटेल? बरोबर करते आहेस."

मला वाटलं, आता ती उठेल. ती उठली नाही. "बाक़ी लोगों को आप बताएँगे या मैं बताऊँ? उन्होंने तो आपको चुना है."

"मीच सांगतो."

"कब?"

मी खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोरच आमच्या ग्रुपवर हिंदीत लिहायला घेतलं. ताईंच्या सुनावणीच्या दिवशी माझी आई आजारी नव्हती. काही परिस्थितीमुळे मी जाऊ शकलो नाही. ती वाकून वाचत होती. 'काही परिस्थितीमुळे' या शब्दांवर तिनं बोट ठेवलं.

"ये हटा दीजिए, भैया," ती म्हणाली. "और 'नहीं जा सका' नहीं. 'नहीं गया' लिखिए."