आईची छाटणीची कात्री

घरच्या बागेला फार हत्यारं लागत नाहीत. खुरपं, झारी, एक लहान कुदळ आणि छाटणीची कात्री. दुकानात रंगीत मुठींचे संच मिळतात, ते घेऊ नका. दुसऱ्या पावसाळ्यात मूठ एकीकडे आणि पातं दुसरीकडे होतं. खुरपं, झारी, कुदळ शेजाऱ्याने मागितली तर खुशाल द्या. कात्री देऊ नका. मी दिली होती.

माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षवाल्यांचं. तिथे या कात्रीला सिकेटर म्हणतात. माझी कात्री आईची. तिच्या अंगठ्याने मुठीवर खळगा पडला होता, माझा अंगठा त्यात बरोबर बसतो. शेवटची दोन वर्षं आई नाशिक रोडला माझ्याकडे होती. तेव्हा तिने कंपाउंडच्या भिंतीपाशी जाईची वेल लावली. ती गेल्यावर रोज संध्याकाळी तिच्या फोटोपुढे त्या जाईची ओंजळभर फुलं ठेवायची, एवढाच माझा देवधर्म.

शेजारचे रिटायर्ड साहेब एकदा फाटकाशी आले. "गुलाबाच्या दोन फांद्या काढायच्यात, ताई," म्हणून कात्री घेऊन गेले. मी दोन दिवस येवल्याला, भाचीच्या लग्नाच्या पैठण्या घ्यायला गेले. परत येऊन बघते तर जाई बुंध्यातून कापलेली, भिंतीवर वाळत पडलेली. कात्री तिथेच, पात्याला खाचा. साहेबांनी त्याच कात्रीने तारही तोडली होती म्हणे.

"गाडीवर सारखा पाला पडायचा हो," साहेब म्हणाले. "वेलच आहे, येईल परत."

आली नाही. वर्षभर मी त्या बुंध्याला पाणी घातलं. तोंडाने "असू द्या" म्हटलं, पण मनात त्या माणसावर दात धरला आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

साहेबांचा सगळा जीव त्यांच्या अंगणातल्या द्राक्षाच्या वेलीत. ती छाटायला गावाकडून येणारा माणूस यायचा बंद झाला, तेव्हा ऑक्टोबरात ते माझ्याकडे आले. "तुम्ही द्राक्षवाल्या घरच्या. यंदा छाटून द्या ना. फेब्रुवारीत नातवंडं येतात द्राक्षं खायला."

द्राक्ष वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी; तेव्हा काडीवर एखादाच डोळा, म्हणजे फुटव्याची गाठ, ठेवून बाकी सगळं उडवायचं. ऑक्टोबरात गोडी छाटणी. तेव्हा सहा-सात डोळे राखायचे, कारण घड त्या वरच्या डोळ्यांतून निघतात. आमच्याकडे हे शाळेतल्या पोरीलाही माहीत असतं.

मी कात्रीला धार लावली, शिडीवर चढले आणि ऑक्टोबरात खरड केली. साहेब खाली शिडी धरून उभे होते.

"इतकं खाली?"

"जोरात फुटेल," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

फुटलीच जोरात. मांडव हिरवागार झाला आणि फेब्रुवारीत घड एक नाही. नातवंडं मांडवाखाली माना वर करून फिरली आणि गेली. "हवामान, दुसरं काय," साहेब म्हणाले. त्या संध्याकाळी मला चहा फार गोड लागला. पोरांचं वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलं, पण जाईपुढे ते टिकलं नाही.

परवा पुन्हा ऑक्टोबर लागला आणि साहेब फाटकाशी आले. "यंदा मीच छाटून बघतो म्हणतो. कात्री तेवढी द्या."

"कात्री आता मी कुणाला देत नाही," मी म्हटलं. "मीच येते. तुम्ही शिडी धरा."